गणपती ते तुळशीचं लग्न: स्थलांतराच्या हंगामात घराजवळचं पक्षीनिरीक्षण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्थलांतरित पक्षी बघायला डिसेंबरातच जायचं असतं ना?

डिसेंबरात गर्दी असते, पक्ष्यांचीही आणि माणसांचीही. पण तोवर येणारे येऊन स्थिरावलेले असतात आणि वाटेत थांबून पुढे जाणारे केव्हाच गेलेले असतात. प्रत्यक्ष ये-जा बघायची असेल तर गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस घ्या. युरोपीय नीलपंख, ठिपकेवाला माशीमार, निळ्या गालाचा राघू हे आफ्रिकेकडे जाताना सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत महाराष्ट्रात थोडे दिवस टेकतात. परतीच्या वाटेवर ते इकडे क्वचितच दिसतात, त्यामुळे हे आठवडे हुकले की वर्ष गेलं.

याच दिवसांत काही पक्षी आपल्याकडून जातही असतात. पावसाआधी आफ्रिकेतून आलेला चातक सप्टेंबर-ऑक्टोबरात परततो. पावसाळ्यात इथे वीण करणारा नवरंग दक्षिणेकडे सरकतो. आलेल्यांच्या पहिल्या तारखा सगळे लिहितात. चातक शेवटचा कधी दिसला हे लिहिणारे फार थोडे.

कोण साधारण कधी येतं?

तारखा दरवर्षी पुढेमागे होतात आणि उत्तर महाराष्ट्रात जे आधी दिसतं ते कोल्हापूर-गोव्याकडे थोडं उशिरा पोचतं. तरी क्रम सहसा मोडत नाही.

जुलैअखेर ते ऑगस्ट: भर पावसात पहिले येतात ते भोरड्या (गुलाबी मैना) आणि तुतवार (सँडपायपर). डबक्याच्या काठाशी शेपूट हलवणारा एकटा तुतवार ऑगस्टमध्ये दिसला तर तो गेल्या वर्षीचा राहिलेला नाही, नव्याने आलेला आहे.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर: करडा धोबी, पाठोपाठ पिवळा धोबी. तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा. झाडांच्या शेंड्यांत हिरवट पर्णवटवट्या, झुडपांत ब्लिथचा वटवट्या. बदकांत सगळ्यांत आधी भुवई बदक. महिना सरता सरता माळावर भोवत्या, म्हणजे हॅरियर, घिरट्या घालू लागतात.

ऑक्टोबर: थिरथिरा, शंकर म्हणजे ब्लूथ्रोट, गप्पीदास, तांबड्या छातीचा माशीमार, स्वर्गीय नर्तक, खरूची. पाण्यावर थापट्या आणि तलवार बदक. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो, आकाश स्वच्छ होतं, वारा उत्तरेकडून वाहू लागतो. त्यानंतरचे आठ-दहा दिवस रजा टाकण्यासारखे असतात.

नोव्हेंबर: समुद्रकिनारी कुरवांचे (सीगल) थवे, डोंगराळ भागात नीलांग, आणि नशीब असेल तर अमूर ससाणे. पट्टकदंब (बार-हेडेड गूज) आणि करकोचे सर्वांत शेवटी, नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात. ऑक्टोबरात पट्टकदंब शोधत धरणं पालथी घालू नयेत.

ऑक्टोबरात भिगवणला जावं का?

शक्यतो नको. पावसाळ्यानंतर उजनी तुडुंब असतं. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या ज्या चिखलट काठांसाठी लोक जातात ते काठ तेव्हा पाण्याखाली असतात. खोल पाण्यात बदकांना मान बुडवून तळ गाठता येत नाही आणि तुतवारांना उभं राहायला जागा नसते. पाणी शेतीला सुटू लागतं तसा काठ उघडा पडतो. म्हणून भिगवणचा खरा हंगाम जानेवारी ते मार्च. पैठणच्या नाथसागराचं गणितही असंच आहे.

उलट, उथळ आणि गाळाने भरलेल्या जागा आत्ताही चालतात. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या जुन्या बंधाऱ्याचं पाणी आहे. गाळ साचून तिथे बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या आहेत. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली. चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्यांवरून ऑक्टोबरातही बघायला बरंच असतं.

मग जायचं तरी कुठे?

घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवरच्या एकाच जागी, दर आठवड्याला. ऑक्टोबरच्या चार रविवारी चार वेगवेगळ्या प्रसिद्ध ठिकाणी गेलात तर चार याद्या हाती लागतील. एकाच पाझर तलावावर चार वेळा गेलात तर मागच्या रविवारी नसलेला पक्षी आज आलाय हे कळेल. स्थलांतर कळतं ते या फरकातून.

जागा निवडताना बघायचं ते असं. पाणी असेल तर काठ उतरता हवा. दगडी पिचिंगच्या किंवा उभ्या भिंतीच्या तलावावर पाणपक्षी थांबत नाहीत, सुशोभित केलेल्या तलावांचं दुखणं तेच. पाण्याबरोबर शेजारी गवत किंवा शेत आणि चार मोठी झाडं एका फेरीत येत असतील तर जागा उत्तम. फेरी दीड-दोन किलोमीटरची, दीड तासात संपणारी असावी. सांडपाण्याचा नाला नाक दाबून का होईना, एकदा बघाच: त्या पाण्यात अळ्या असतात आणि करडा धोबी, पिवळा धोबी, हिरवा तुतवार सगळे तिथे जमतात. पुण्याजवळचं कवडी पाट यावरच चालतं.

माळरान विसरू नका. सोलापूर, बारामती, सासवड, अहिल्यानगरकडच्या वाचकांना सप्टेंबर-ऑक्टोबरात तलावापेक्षा माळच जास्त देईल. पावसाने गवत वाढलेलं असतं, नाकतोडे भरपूर असतात आणि भोवत्या, खरूच्या, नीलपंख त्यांच्या मागे येतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य छोटं असलं तरी यासाठी चांगलं. अभयारण्य असो वा वन विभागाची राखीव कुरणं, प्रवेशाचे नियम आणि वेळ आधी विचारून घ्या.

गोव्यात करमळीचं तळं, कुडचड्याजवळचं नंदा तळं (२०२२ पासून रामसर स्थळ) आणि शापोरा नदीच्या मुखाशी मोरजीचा वाळूचा पट्टा. मोरजीला नोव्हेंबरपासून कुरव आणि चिखले (प्लव्हर) जमतात. पर्यटक उठायच्या आत पोचा.

खाडीवर गेलो तर पक्षी पार लांब ठिपक्यांएवढे होते. काय चुकलं?

वेळ चुकली. खाडीवर घड्याळ सूर्याचं नसतं, पाण्याचं असतं. ओहोटीला चिखलाचा पट्टा एक-दोन किलोमीटर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने लांब जातात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन ते अडीच तास सर्वांत चांगले. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी मिठागरं, आतली तळी अशा उंच जागी विसाव्याला जातात.

वेळ काढायला कोळ्यांची रीत अजून कामाची आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. मुंबई आणि उत्तर कोकणात हे अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतं. पूर्ण ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अचूक वेळ भरतीच्या तक्त्यात मिळेल, पण तारीख ठरवायला कॅलेंडरवरची तिथी पुरते. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी समुद्रकाठापेक्षा उशिरा पोचतं हे धरून चाला.

याचा सरळ उपयोग असा: द्वादशी-त्रयोदशीला सकाळी सव्वासहा-साडेसहाला पोचायचं. भरती नऊ-पावणेदहाला, म्हणजे पाणी चढतंय आणि ऊनही कोवळं आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, पाणी चिखल पूर्ण झाकत नाही आणि पक्षी विखुरलेलेच राहतात. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी थेट तिवरांत शिरतं, तेव्हा काठ लवकर बुडतो. जरा आधीच पोचा.

उजेडाची बाजूही बघा. ऐरोलीचा काठ पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळचा सूर्य पाठीशी येतो. भांडुप आणि शिवडीकडून सकाळी सगळं काळं दिसतं, तिकडे दुपारनंतरची भरती धरावी.

फ्लेमिंगो कधी येतात? सायबेरियातून येतात हे खरं का?

ठाणे खाडीत ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून दिसू लागतात, संख्या जानेवारीनंतर वाढते आणि पावसाच्या सुरुवातीला ते निघतात. ते सायबेरियातून येत नाहीत. त्यातले बरेचसे कच्छच्या रणाकडून येतात, जिथे त्यांची वीण होते. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. दिवाळीत गुलाबी समुद्र बघायला जाल तर हिरमोड होईल. तेव्हा तुतवार आणि चिखले बघा, ते तिथे हजर असतात.

दिवसातली कोणती वेळ?

खाडी सोडून इतरत्र सूर्योदय ते साडेनऊ. ऑक्टोबरात सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो, सव्वासहाला जागेवर असावं. दहानंतर ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचं काहीही धूसर होतं. महागडी दुर्बीणही याला काही करू शकत नाही. अपवाद शिकारी पक्ष्यांचा. गरुड, भोवत्या यांना वर चढायला तापलेली हवाच लागते, ते नऊ ते अकरा आकाशात दिसतात. संध्याकाळी साडेचार ते सहा पुन्हा चांगलं.

दुर्बीण कोणती घ्यावी आणि ती नीट कशी जुळवायची?

८×४२. आठपट मोठं दिसतं, पुढची भिंग ४२ मिलिमीटरची. १०×५० मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हात थरथरतो तेही दहापट दिसतं आणि झाडातला वटवट्या शोधेपर्यंत तो उडून जातो. ‘१०–३०×’ असं झूम असलेली स्वस्त दुर्बीण घेऊ नका: उजेड कमी, चित्र अंधुक आणि दोन नळ्यांचं जुळणं लवकर बिघडतं. चष्मा असेल तर डोळा भिंगापासून १५ मिलिमीटरपेक्षा जास्त लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतंय ना हे दुकानातच बघा आणि रबरी कड खाली दुमडा.

जुळवणी बहुतेक जण करतच नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणतात. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं धरा. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल चित्र आणा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त उजव्या नळीवरची कडी फिरवा. कडीची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. आधी दुर्बीण लावून मग शोधाशोध केली की पक्षी सापडत नाही.

पावसाळा संपताना भिंगांवर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, त्या ओलसर झाल्या की वाळवा. चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवलेली दुर्बीण दसऱ्याला काढली की आत जाळं दिसतं. बाहेरचा धुरळा आधी फुंकणीने उडवा, मग मऊ कापड. सदऱ्याच्या टोकाने पुसलं की वाळूचे कण काचेवर रेघा मारतात.

नुसता मोबाइल किंवा कॅमेरा चालेल?

नोंदीचा पुरावा म्हणून कॅमेरा चांगला, बघायला नाही. फोटोसाठी एकाच पक्ष्यामागे गेलेली सकाळ यादीत तीन ओळींची भरते.

तलावावरची सगळी बदकं एकसारखी तपकिरी दिसतात. नर आलेच नाहीत का?

आलेत, ओळखू येत नाहीत इतकंच. उन्हाळ्यानंतर नर बदकं चमकदार पिसं टाकून मादीसारखा मळकट पेहराव धारण करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती त्याच अवस्थेत पोचतात. पुस्तकातला हिरव्या डोक्याचा थापट्या नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत दिसायचा नाही. रंग विसरा, आकार धरा. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला पळीसारखी रुंद. पोहताना ती पाण्याला टेकलेली असते. तलवार बदकाची मान लांब, बांधा सडपातळ, चोच राखाडी, आणि शेपटीची पिसं आखूड असली तरी टोक अणकुचीदार. भुवई बदक लहान, चेहऱ्यावर गडद-फिकट आडवे पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. उडाल्यावर पंखांचा रंग बघा. नर भुवई बदकाच्या पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी असतो तो या दिवसांतही लपत नाही.

आणि आधी घरची बदकं बाजूला काढा. हळदीकुंकू बदक मोठं, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके. ते बारा महिने इथेच असतं. अडईही तशीच. शेकाट्याला स्थलांतरित समजून दरवर्षी उत्साहाने कळवलं जातं. तोही आपल्याकडे वर्षभर दिसतो, फक्त पाण्याप्रमाणे जागा बदलतो.

धोबी चार प्रकारचे आहेत म्हणतात. पटकन कसे ओळखायचे?

काळी पाठ, काळं डोकं, ठळक पांढरी भुवई, आकाराने मोठा: हा आपला कायमचा रहिवासी, त्यावर वेळ घालवू नका. पांढरा धोबी लहान, चेहरा पांढरा, पाठ राखाडी. करडा धोबी लांब शेपटीचा, पाठ राखाडी, पार्श्वभाग पिवळा, पाय फिकट. ओढे, ओली पायवाट, जंगलातला रस्ता ही त्याची जागा. पिवळ्याची शेपटी आखूड, पाय काळे, पाठ हिरवट. तो गुरांच्या पायांत आणि ओल्या गवतात थव्याने असतो.

घोळ होतो तो पहिल्या वर्षाच्या पिल्लांत. करडी-पांढरी, पिवळा लवलेश नसलेली पिल्लं पिवळ्या धोब्याचीही असू शकतात आणि सिट्रिन धोब्याचीही. कानामागून फिकट पट्टा पूर्ण वळसा घेऊन येत असेल तर सिट्रिन. तो तसा दिसत नसेल तर ‘धोबी’ एवढंच लिहून पुढे जा.

झाडात सतत हलणारे हिरवट-तपकिरी इवलेसे पक्षी ओळखण्याचा काही मार्ग?

कान. वटवटे बघून ओळखायचा हट्ट धरला की पहिलं वर्ष वैतागात जातं. तीन आवाज पाठ करा, सप्टेंबर-ऑक्टोबरचे निम्मे वटवटे आटोपतील. हिरवट पर्णवटवट्या शेंड्यातून चढता दोन सुरांचा ‘ची-विट’ टाकतो. ब्लिथचा वटवट्या खालच्या झुडपातून दगडावर दगड आपटल्यासारखं कोरडं ‘चक्... चक्’ करतो. तांबड्या छातीचा माशीमार, जो वटवट्या नाही पण त्याच झाडात असतो, ‘टर्रर्र’ अशी छोटी खुळखुळ करतो आणि शेपूट वर उचलतो. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे पांढरे पट्टे दिसतात. छाती तांबडी नसली म्हणून गोंधळू नका, मादी आणि तरुण नराची छाती मळकटच असते.

आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवणारं मोबाइलमधलं मर्लिन ॲप सांगतं ते धरायचं का?

ॲपने नाव सुचवलं की त्या दिशेला बघायचं, एवढाच त्याचा उपयोग. पक्षी स्वतः पाहिला किंवा आवाज स्वतः ओळखला तरच यादीत घ्या. आपल्याकडे कोतवाल आणि पर्णपक्षी इतरांच्या नकला करतात आणि ॲप त्यांना फसतं. रिक्षाचा हॉर्न, रातकिडे, शेजारच्याच्या मोबाइलवर वाजणारी पक्ष्याची हाक यांनाही ते कधी कधी नाव देतं.

तुतवारांचे तीन प्रकार सोप्या भाषेत सांगाल?

साधा तुतवार: खांद्यापुढे पांढरी पाचर वर चढलेली, शेपूट सतत खालीवर, पाण्यालगत ताठ पंखांनी थरथरत उडतो. ठिपक्यांचा, म्हणजे वुड सँडपायपर: पाठीवर भरपूर ठिपके, भुवई डोळ्यामागे लांबवर, पाय पिवळसर, उडाल्यावर पंखाखालून फिकट, ‘चिफ्-इफ्-इफ्’ ओरडतो. हिरवा: पाठ गडद, भुवई फक्त डोळ्यापुढे, उडाला की पंखाखाली काळा आणि ढुंगण पांढरंशुभ्र, बहुधा एकटा. पाय दिसेपर्यंत थांबा, घाईत उडवलात तर पांढरं ढुंगणच बघायला मिळेल.

भोवत्या आणि ससाणे कधी, कुठे?

भोवत्या माळावर, गवतावर हातभर उंचीने पंख उथळ ‘V’ आकारात धरून तरंगत जातो. दलदल भोवत्या पाण्याकाठच्या पाणकणसांवर. माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्या आणि पिल्लं फार जवळची दिसतात. मानेभोवतीचा फिकट पट्टा आणि पंखाखालची नक्षी फोटोत आली तरच नाव द्या, नाहीतर ‘भोवत्या, जात अनिश्चित’. सूर्यास्ताला ते गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. ती जागा सापडली तर शंभर-दीडशे मीटरवरून बघा, गवतात पाऊल टाकू नका आणि जागा जाहीर करू नका.

अमूर ससाणा हे नोव्हेंबरचं खरं आकर्षण. सैबेरिया, मंचुरियाकडून निघून तो ईशान्य भारतात थांबतो, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातो. २०१३ साली नागालँडमध्ये तीन पक्ष्यांना उपग्रह टॅग लावले तेव्हा ही वाट नकाशावर स्पष्ट दिसली. त्यांची नावं ठेवली होती नागा, पांगती आणि वोखा. समुद्र ओलांडायच्या आधी काही थवे पश्चिम घाटाच्या माथ्यावर, लोणावळ्याकडच्या पठारांवर, एखाद-दोन दिवस चतुर आणि वाळवी खाताना दिसतात. नर गडद राखाडी, पाय लालभडक, पंखाखालचा पुढचा भाग पांढरा. आज दिसले तर आजच जा. रविवारची वाट बघितली की पठार रिकामं.

नोंद कशी ठेवावी?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, किंवा निदान वहीत. वहीत पाच गोष्टी हव्यात: तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, जागा, चाललेलं अंतर, आणि प्रत्येक पक्ष्याचा आकडा. ‘खूप’ हा आकडा नाही. थवा मोठा असेल तर दहा मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि थव्यावर ती किती वेळा बसते ते बघा. ई-बर्डवर कावळे, साळुंक्या, कबुतरंसुद्धा लिहा आणि मगच ‘पूर्ण यादी’वर होय म्हणा, फक्त खास पक्षी लिहून होय म्हटलं तर विदा बिघडते. पंधरा मिनिटांची एक अशा छोट्या याद्या करा, तीन तास आणि दहा किलोमीटरची एक नको. दुर्मीळ पक्ष्याबद्दल परीक्षक विचारणा करतात तो अपमान नसतो. काय दिसलं ते दोन ओळींत लिहा, ‘खात्री आहे’ हे वर्णन नव्हे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह: सुरुवात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी, शेवट सालिम अली यांच्या. नवखे असाल तर या दिवसांत गावातल्या गटाबरोबर एक फेरी करा, महिन्याभराचं शिकणं एका सकाळी होतं.

पक्ष्याच्या पायात कडी किंवा मानेत पट्टा दिसला तर?

पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं-अंक कोणत्या क्रमाने, कड्या कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर की खाली हे लगेच लिहा. डावा-उजवा पक्ष्याचा, तुमचा नव्हे. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. पट्टकदंबांच्या मानेत मंगोलियात घातलेले पट्टे महाराष्ट्रात दिसले आहेत. माहिती बीएनएचएसला, म्हणजे १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला फोटोसह कळवा. मेलेल्या पक्ष्याच्या पायातली कडी सपाट करून नंबर वाचा आणि फोटो काढा.

बाल्कनीत किंवा आवारात थकलेला रंगीत पक्षी सापडला, काय करू?

ऑक्टोबरात तो बहुधा नवरंग असतो. तो रात्री प्रवास करतो, दिव्यांनी भांबावतो आणि काचेवर आपटतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी जुना सुती कपडा, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि अंधाऱ्या शांत खोलीत तास-दोन तास ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दूध, पोळी, भात नको. दर दहा मिनिटांनी उघडून बघू नका. मुलांना फोटो काढायचा असेल तर एकच, पहिल्यांदा उचलताना. तरतरीत झाला तर झाडीजवळ, मांजरं-कावळे नाहीत अशा जागी खोकं उघडून बाजूला व्हा. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा दोन तासांत उभा राहिला नाही तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. वन्य पक्षी घरात पाळणं कायद्याने गुन्हा आहे, तो बरा होईपर्यंतसुद्धा.

गवतात फिरताना काय काळजी घ्यावी?

घोट्यावर येणारे बूट आणि मोज्यांत खोचलेली पँट. पावसानंतरच्या गवतात गोचीड आणि त्याहून बारीक माइट असतात. या माइटमधून स्क्रब टायफस हा ताप होतो, आणि त्याचे रुग्ण याच महिन्यांत वाढतात. गवतावर आडवं पडून फोटो काढू नका. घरी आल्यावर लगेच आंघोळ, कपडे धुवायला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, काखेत-जांघेत काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ‘गवतात फिरलो होतो’ हे आपण होऊन सांगा; वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. भातकापणीच्या दिवसांत बांधांवर घोणस आणि कोकणात फुरसं असतं, हात टेकायच्या आधी बघा.

मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून पक्षी बाहेर काढला तर काय बिघडतं? कुरवांना गाठ्या टाकल्या तर?

हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुढच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. हाक वाजवली की तो खाणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो. एकाच झुडपापाशी दिवसभरात दहा गट हाक वाजवतात, हे प्रत्येक गटाला माहीत नसतं. गाठ्या आणि शेव म्हणजे मीठ आणि तेल. फोटोत पंख सुंदर येतात, पक्ष्याला त्यात काही नाही. नावाड्याने आग्रह केला तर स्पष्ट नाही म्हणा. गिऱ्हाईक मागतं म्हणून ते ठेवतात.

मराठी नावं प्रत्येक पुस्तकात वेगळी का?

कारण ती गावोगावची आहेत. कोणी तुतवार म्हणतं, कोणी तुतारी. शेतकऱ्याशी बोलताना त्याचंच नाव वापरा, ‘भोरड्या कधी उतरल्या?’ असं विचारलंत तर तारीखवार उत्तर मिळेल. यादीत मात्र ई-बर्डचं ठरलेलं नाव निवडा.

तीन रविवार झाले, एकही नवा पक्षी नाही. जागा बदलू?

आधी वेळ तपासा: आठला पोचत असाल तर सव्वासहाला जा. मग वाट तपासा: पाण्याकडेच बघत असाल तर पाठीमागची बाभूळ, तारा आणि नांगरलेलं शेत दहा-दहा मिनिटं उभं राहून बघा. गटात सहापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गट करा. रात्री पाऊस झालेल्या किंवा आभाळ भरून आलेल्या सकाळी मुद्दाम जा, रात्रीचे प्रवासी अशा वेळी खाली उतरलेले सापडतात. इतकं करूनही दसऱ्यापर्यंत करडा धोबीसुद्धा दिसला नाही, तर मात्र जागा बदला.